ठिकाण क्रमांक नऊ

तपासायला येणाऱ्या लेखावर नावं नसतात.
शीर्षक असतं, सारांश असतो, चौदा दिवसांची मुदत असते.
हा आला मंगळवारी रात्री,
दांडिया बाजारातल्या गॅलरीतून
मी वाळलेले टॉवेल आत आणत होते तेव्हा.

विश्वामित्रीच्या पाण्यातला प्राणवायू.
चौदा ठिकाणं, तीन हिवाळे.
चहा ठेवला. वाचत गेले.
बरं लिहिलंय, म्हटलं,
भाषा स्वच्छ, संदर्भ जिथल्या तिथे.
मग तक्ता तीन.
ठिकाण नऊ, सतरा जानेवारी: चार पूर्णांक दोन.

चहा उतू गेला.

सतरा जानेवारीला नऊ नंबरवर
कुणीच पाणी भरलं नव्हतं.
काठावर ऊन खात मगर पडली होती,
जबडा उघडा टाकून, जणू दंतवैद्याकडे आलेली,
आणि कोकिला राठवा, बाटलीला दोरी बांधून,
पाऊण तास उभी होती पुलाच्या सावलीत.
मीही होते. शेवटी मीच म्हटलं, चल.
रिकामी बाटलीसुद्धा तिने खोक्यात क्रमानं ठेवली,
वर चिठ्ठी, गुजरातीत: नऊ. मगर.
वहीत त्या रकान्यात एक आडवी रेघ.

आठवर तीन पूर्णांक आठ. दहावर चार पूर्णांक सहा.
करा सरासरी.
किती सभ्य आकडा,
दोन्ही शेजाऱ्यांशी मिळूनमिसळून राहणारा.
मगरीचं नावसुद्धा काढत नाही.

आणि कोकिला?
ती आहे की पान चारवर:
‘नमुने गोळा करण्यात आले.’
कर्मणी प्रयोग.
आमच्या शास्त्रात हा एकच प्रयोग
कधी फसत नाही.

अर्ज विचारतो: लेखकांना आपण ओळखता का?
नाही. नावं झाकलेली आहेत.
तक्त्याला ओळखता का, हे अर्ज विचारत नाही.
वही दोन दिवसांसाठी कोण घेऊन गेलं,
आणि कोणी दिली, सही न घेता,
‘झेरॉक्स काढून परत करतो, मॅडम’ या शब्दावर,
त्यालाही चौकोन नाही.
मी दिली. मीच.

चौऱ्याण्णव साली माझ्या पहिल्या लेखावर
पहिलं नाव विभागप्रमुखांचं होतं.
त्यांनी नदी पाहिली होती स्कूटरवरून, पूल ओलांडताना.
कुणी मागितलंही नव्हतं.
मी आपणहून दिलं, वर पेढे.

बुधवारी कोकिलाला फोन लावला.
लेखाबद्दल बोलायचं नाही, नियम आहे,
म्हणून विचारलं, थंडी कशी आहे बोडेलीला?
शिष्यवृत्ती अडकली तेव्हा ती घरी गेली ती गेलीच,
आता दूधमंडळीत फॅट काढते.
म्हणाली, आज एकाचा कॅन परत पाठवला, बेन,
सरपंचाचा भाऊ. संध्याकाळी बोलावलंय मला.
मग?
मग काय, जाईन. कागद घेऊन जाईन.
मागे कॅनांचा खणखणाट होता.
मी नीट जेवत जा असं काहीतरी म्हणून फोन ठेवला.

गुरुवारी प्रयोगशाळेतलं खालचं कपाट उघडलं.
खोकं होतं. बाटली होती.
चिठ्ठीचा डिंक सुटलेला, शाई तपकिरी,
पण ‘मगर’ वाचता येत होतं.

रात्री दीड वाजता अर्ज पुन्हा उघडला.
हितसंबंध: आहेत.
हा लेख तपासायला मी योग्य नाही.
त्याखाली, फक्त संपादकांसाठी, मोकळी जागा.
लिहिलं:
‘सतरा जानेवारीला ठिकाण नऊवर
नमुना घेतला गेला नव्हता.’

वाचलं. ‘घेतला गेला नव्हता’ खोडलं.

कोकिला राठवा हिने
त्या दिवशी तिथे पाणी भरलं नाही.
मी शेजारी उभी होते.
वही मी दिली.
काठावर मगर होती.