पाठवणाऱ्याचा पत्ता

वखारभागातल्या रद्दीवाल्याकडं मिळाली,
बावीस रुपये किलोनं,
सुतळीत चौदा आंतरदेशीय पत्रं, वेगवेगळ्या हातची.
एकाला हळद लागलेली.

एकतीस वर्षं मी मिरजेहून
रेल्वेच्या टपाल डब्यात पत्रं लावली,
रात्रभर, उभ्यानं, गाडी हलेल तसा हलत.
पिनकोडच्या पलीकडं डोळा गेला नाही.
कार्डसुद्धा उलटं करत नसे.
उघडं असलं म्हणून काय झालं?

आता ठसे जमवतो.
हळदीच्या पत्रावर हरिपूरचा ठसा होता, मार्च अडुसष्टचा,
पुरा गोल, शाई अजून जागी.
फोटो काढले. एक बाहेरचा, एक आतला,
अस्सल आहे का बघायला
आमच्या ग्रुपवर दोन्ही मागतात.
चारशे बारा जण.
वा मुल्लासाहेब, वा.

अकराव्या दिवशी नोटीस आली.

चौगुले वकिलांनी चष्मा कपाळावर नेला.
"कागद तुमचा. विका, फ्रेम करा,
बंब पेटवा. कोण विचारत नाही.
त्यावरचं लिहिणं बाईंचं.
बाई वारल्या, आता लेकीचं."
म्हटलं, मी रोख पैसे दिलेत.
"वजनाचे दिलेत."

मग फोटो पुसले, आणि वकील नको म्हणत असताना
सहा नंबरची बस धरून हरिपूरला गेलो.

कुमुदिनी आवटी, वय अडुसष्टच्या पुढं,
दारातच म्हणाल्या, आणलंय का?
मी माफीची वाक्यं पाठ करून गेलो होतो.
त्यांना आधी पत्र पाहिजे होतं.
फोटो भाच्याच्या फोनवर आलेला, बारका, अंधुक.
आईचं अक्षर ओळखलं,
शब्द लागले नव्हते.

खिडकीत उभ्या राहून वाचलं त्यांनी.
काय होतं ते मी इथं लिहिणार नाही,
एवढं तरी शिकलो.
डाव्या मनगटावरून एकदा हात फिरवला
आणि म्हणाल्या,
"म्हणजे नदीत पडलीच नव्हती.
आणि मी मार खाल्ला."
थोड्या वेळानं, "हे सांगितलंत कुणाला तरी चालेल.
हे माझं वाक्य आहे."

शाळेची जुनी वही काढून
सगळं पत्र उतरवून घेतलं, काना-मात्रेसह,
आईची चूकसुद्धा तशीच.
कागद परत माझ्या हातात.
राहू द्या की, म्हटलं.
"नको. तुमचा आहे, तुम्ही ठेवा.
किती जणांनी बघितलं?"
सांगितलं.
"त्यांच्याकडचं पुसलं?"
मला चहाचा कप फार जड झाला.

निघताना परड्यातली जागा दाखवली.
इथं पेव होतं, तीन पुरुष खोल,
पुरात गेलं.
हळद काढायची तर माणूस सोडायच्या आधी
दोरीनं कंदील सोडायचे खाली.
विझला तर?
"झाकण लावायचं. उद्या बघायचं."

घरी तेरा पत्रं तशीच आहेत.
सुतळी सोडली, घड्या मोडल्या नाहीत.
जन्मभर पुढची बाजू वाचली,
कुणाकडं जायचं तेवढी.
काल पहिल्यांदा पालथी घातली.
पाठवणाऱ्याचं नाव, गल्ली, गाव.
कवलापूर. बेडग. एक तासगावचं,
त्यातलं घराचं नाव पाण्यानं गेलंय.
बुधवारी बेडगला जाऊन येतो.