आठ नंबरची बस

सोमवारी दाढ नुसती गुणगुणत होती.
मंगळवारी तिने मला नावानिशी हाक मारली.
बुधवारी मी दवाखान्यात फोन लावला
आणि पलीकडून कुणी उचलल्यावर
चुकून लागला, म्हणून ठेवून दिला.

ओउलूत नोव्हेंबरचा दिवस
दुपारी तीनलाच आटोपतो,
गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदाराने शटर ओढावं तसा.
मी बसचं हिवाळी वेळापत्रक बनवते.
ते सोमवारी लागू होणार
आणि आठ नंबरची बस माझ्या पडद्यावर
शाळेपाशी तीन मिनिटं उशिरा पोचतेय.
तीनच.
पण जानेवारीत, उणे बावीसमध्ये,
थांब्यावरच्या पोराला तीन मिनिटं म्हणजे काय
हे लिहायला वेळापत्रकात रकाना नसतो.

हेइक्की, माझा साहेब, तासातासाला दारात येतो.
आमच्याकडे वैतागलेला माणूस बोलत नाही,
कॉफी ओततो.
गुरुवारपर्यंत टेबलावर सात कप साठले,
सगळे डाव्या बाजूने प्यायलेले.
दातओठ खायचीसुद्धा सोय उरली नव्हती.

तसं म्हटलं तर दोन बाळंतपणं झाली,
एक घटस्फोट झाला,
एकदा बर्फ फुटून नदीत कमरेपर्यंत गेले
आणि वर येऊन पहिली टोपी शोधली.
पण ती खुर्ची मागे कलू लागली
की मी नऊ वर्षांची होते.

वेळ शेवटी मुलाने घेतली.
"आई, तू फोनवर अर्ध्याच तोंडाने बोलतेस,"
एवढंच म्हणाला ओन्नी.
शुक्रवार, साडेनऊ.

डॉक्टर साल्मेला त्याच्याच वयाची.
"दुखलं तर डावा हात वर करा."
मी डावा हात मांडीखाली दाबून ठेवला,
तो दुखायच्या आधीच वर जाईल
याची मला खात्री होती.

अशा वेळी समुद्रकिनारा आठवावा म्हणतात.
मला किनारा जमेना.
मी आठ नंबरमध्ये चढले.

डेपो, सहा बारा.
वाचनालय. इस्पितळाचं मागचं दार,
रात्रपाळीच्या दोन नर्स, एकीच्या हातात बूट.
पूल.
यंत्र घरघरलं, मी म्हटलं, चढ आहे,
दुसऱ्या गिअरवर घे, घे, अजून थोडं.
कागद कारखाना.
पाणी ओढणारी नळी माझ्या जिभेलाच ओढत होती.
दफनभूमी, सहा एकतीस.
चढलं कुणी नाही, उतरलं कुणी नाही.
बस उभीच.
दार उघडं, आत गार वारा,
ड्रायव्हर घड्याळाकडे बघतोय.
अरे, निघ ना.
कुणासाठी थांबलायस?

सतरा नंबरसाठी.
ती आली की प्रवासी बदलून घ्यायचे, तीन मिनिटं.
सतरा नंबर चार वर्षांपूर्वी बंद झाली.
मीच केली होती.

डावा हात मांडीखालून सुटला आणि वर गेला.
यंत्र थांबलं.
"दुखतंय?"
मी मान हलवली, म्हटलं, "थथला."
तिने पेन दिलं.
गळ्याशी बांधलेल्या कागदावर
उलट्या अक्षरांत, छातीवरच, मी लिहिलं:
सतराची वाट बघायची नाही.

तिने वाकून वाचलं.
"त्या बसने मी शाळेत जायचे," म्हणाली,
आणि यंत्र पुन्हा उचललं.
पुढचे थांबे मी मुकाट मोजले.

दुपारी हेइक्कीने कागद पाहिला,
त्यावरचा गुलाबी डाग पाहिला,
आणि आठवा कप ओतला.
माझ्या सुन्न ओठावरून तो सरळ स्वेटरवर गेला.
तो हसला. मी हसले,
म्हणजे अर्धी हसले, बाकीची अजून यायची होती.

शाळेपाशी आता सहा बेचाळीस.
बाहेर अंधार, पण वक्तशीर.

रूट कॅनालची दुसरी खेप
दोन आठवड्यांनी, मंगळवारी.
ती मी अजून कुठेच लिहून ठेवलेली नाही.