सभासद क्रमांक चार

तय्यबअलीच्या दुकानाला पाटी नव्हती.
स्नेहलतागंजात, पिठाच्या गिरणीला लागून,
कथिलाचा वास आणि गव्हाचा वास
एकाच दारातून बाहेर यायचे.
चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये त्यानं गच्चीवरून
समोरच्या कडुलिंबापर्यंत तांब्याची तार ओढली,
अठ्ठावीस हात,
आणि म्हणाला, बसा, आज क्विटो लागतं का बघू.

क्विटो लागलं नाही.
कुणीतरी कुठल्याशा भाषेत
माशांचे भाव सांगतोय, असं मुळ्ये म्हणाला.
मुळ्येला ती भाषा येत नव्हती, आम्हालाही नव्हती,
म्हणून कुणी खोडून काढलं नाही.
सहाजण होतो. गिरणीच्या पावतीपुस्तकामागे नावं लिहिली.
माझं चौथं.
क्लब असा झाला. ठराव वगैरे काही नाही.

रात्री अकराला गिरणीची मोटर थांबली
की जग सुरू व्हायचं.
ते पाच आकड्यांत मांडायला शिकलो:
जोर किती, आडवं कोण येतंय, खरखर, चढउतार, एकूण.
पोस्टानं कळवायचं, की तुमचा आवाज
इथवर पोचला, इंदूरला, कडुलिंबावरून.
तीन महिन्यांनी कार्ड यायचं,
पुढे बर्फातलं चर्च, मागे शिक्का:
बरोबर ऐकलंत.
घरात मला असं कधी कुणी म्हणालं नव्हतं.

ऐंशीत तय्यबअली शारजाला गेला.
वही रेगे सरांकडे, तार तिथंच.
सरांनी आम्हाला घटना दिली, वर्गणी दिली,
लेटरहेड दिलं, त्यावर स्वतःच्या नावापुढे ‘संस्थापक’.
छापखान्याची चूक, म्हणाले.
पुढच्या छपाईतही चूक तशीच होती,
फक्त टाइप जरा मोठा.

सर गेले, तेव्हा माईंनी रिसीव्हर टेबलासकट विकला
झंवरला, पंख्यांच्या व्यापाऱ्याला.
टेबलाच्या खणात कार्डं होती.
माझी एकोणीस.
झंवर वाईट नव्हता. त्याच्या काळात आम्ही एकशे बारा झालो.
शिक्क्यावर क्लबच्या आधी त्याच्या दुकानाचं नाव आलं,
आम्ही म्हटलं, येऊ दे.
कचोरी गरम असायची.

मग त्याचा मुलगा सांगायला आला, चपला दाराबाहेर काढून:
काका, डील झाली.
मी विचारलं, विकलंस काय नेमकं?
वही वाळवीनं खाल्लेली, शिक्का सापडत नाही,
पहिल्या सहांतले आम्ही दोघं.
म्हणाला, नाव. आणि नंबर, सगळ्यांचे.

आता मला इन्व्हर्टरच्या बॅटरीचे मेसेज येतात,
‘प्रिय रेडिओप्रेमी’.
मुळ्येलाही येतात. तो जाऊन दीड वर्ष झालं,
फोन सून वापरते.

परवा त्या गल्लीत गेलो, गुडघ्याचं औषध आणायला,
म्हणजे सांगायला तसंच.
गिरणी आहे. दुकानाच्या जागी झेरॉक्स.
कडुलिंब आहे, आणि तारही:
गच्चीकडची कधीच तुटली,
झाडाकडची खोडानं गिळलीय.
साल दोन्ही बाजूंनी येऊन तिच्यावर मिटलीय,
वीतभर टोक बाहेर, हिरवं पडलेलं.
ओढून पाहिलं. येत नाही.

महापालिकेनं खोडावर पांढऱ्या रंगात आकडा टाकलाय,
९६१०.
मोजणीचा का तोडणीचा, झेरॉक्सवाल्याला ठाऊक नाही.
मेट्रोचा असेल, भिया, म्हणाला.
आणि माझ्या डोक्यात आपोआप:
एकतीस मीटर. रात्री चांगलं लागतं.

घरी कूलर बंद करायला लावला. सगळे चिडले.
काटा आकड्यावर आणला.
खरखर, खरखरीमागे बहुधा एक बाई,
मोजत असावी काहीतरी, किंवा मुलाला रागवत.
जोर दोन. आडवं कुणी नाही.
कार्ड लिहून काढलं, खाली सही,
क्लबचं जुनं नाव, सभासद क्रमांक चार.

पत्ता घालायचा राहिलाय.