घोडे मोजले नाहीत

रविवार, सकाळचे सहा. लिंकनशायरचं सपाट रान,
नजर थकेपर्यंत कोबीच्या ओळी,
आणि मध्येच युद्धाच्या काळातली धावपट्टी,
काँक्रीटच्या भेगांतून गवत आलेली.
शेतमालक पेल यांनी फाटक उघडलं.
मोबदला ठरलेला: त्यांच्या ट्रॅक्टरचा पंप, पुढच्या शनिवारी.
"मरायचंच असेल तर कोबीत नको," एवढं बोलून ते चहाला गेले.

माझदा माझी. बत्तीस वर्षांची.
टर्बो भंगारातला, भलत्याच गाडीचा,
पाइप मीच वाकवलेले, वेल्डिंगला जखमेसारखे वण.
डायनोचं एका दिवसाचं भाडं
ऐकून मी फोन ठेवला होता.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
इंजिनाला लागतो. नसलाच तर
ऐकावं लागतं, आणि ऐकण्यापलीकडचं
कुणीतरी वाचून दाखवावं लागतं.

ऐकायला तांब्याची नळी, टोक चेपून ब्लॉकला आवळलेली,
तिच्यापासून रबरी नळी थेट माझ्या कानांपर्यंत.
वाचायला ब्रॉनविन.

ती आमच्या हॉस्पिटलात भुलीच्या टेबलाशी उभी असते,
तेवीस वर्षं
झोपलेल्या माणसांचे आकडे
आवाज न चढवता सांगत.
मांडीवर लॅपटॉप, पट्टा आवळलेला. "नियम सांग."
मी पडद्याकडे बघायचं नाही.
तू रस्त्याकडे बघायचं नाही.
हवा-पेट्रोलचा आकडा साडेअकराच्या आसपास हवा.
बाराच्या वर गेला तर म्हणायचं: सोड.
मराठीतच म्हण.
घाबरलो की मला दुसरी भाषा ऐकू येत नाही.

"सोड," तिने चारदा म्हणून बघितलं.
ड जरा कडक पडत होता. चालेल.

घरी टेबलावर कागदांवर ठेवायला एक पिस्टन आहे,
कडेला मेणबत्तीसारखा ओघळलेला.
मागच्या इंजिनातला. त्या दिवशी मी एकटा होतो
आणि अजून थोडं, अजून थोडं, म्हणत होतो.

या वेळी ठिणगी मुद्दाम उशिरा, पेट्रोल मुद्दाम जास्त,
बूस्ट नावापुरता.
तिसरा गिअर. पाय खाली.
"अकरा-तीन. अकरा-चार. अकरा-चार."
कानात नुसती धातूची कुजबुज,
डब्यात फुटाणे उडाल्याचा तो आवाज नाही.
थांबलो. बॉनेट उघडलं, गार होऊ दिलं.
पुन्हा. थोडा बूस्ट.
"अकरा-पाच. अकरा-आठ. बारा-दोन, सोड."

पाय उचलला गेला होता
मला शब्द कळायच्या आधीच.

पेट्रोलचा फिल्टर फोडला तर आत
तपकिरी गाळ, जुन्या टाकीचा.
मी काँक्रीटवर बसून राहिलो.
ब्रॉनविनने थर्मास पुढे केला.
"माणसं पण अशीच," ती म्हणाली,
पुढचं काही न सांगता.

नवा फिल्टर बसवला. मग स्टॉपवॉच:
तीन हजारापासून पाच हजारापर्यंत किती सेकंद.
सहा-एक.
ठिणगी एक अंश अलीकडे. पाच-नऊ.
अजून एक अंश. पाच-आठ.
अजून एक. पाच-आठच.
म्हणजे इथून पुढे इंजिन काही देत नाही,
फक्त सोसतं.
दोन अंश मागे घेतले.
तिने भुवई उचलली. "मागे? सगळं ठीक चाललं असताना?"
आज थंडी आहे, म्हटलं. ऑगस्टात ही हवा असणार नाही.

प्लग काढून उन्हात धरले, चारही:
भाजलेल्या बिस्किटाचा रंग, कुठे चकाकणारा ठिपका नाही.
तिने ते ओळीने ट्रेमध्ये मांडले,
ऑपरेशननंतर कापसाचे बोळे मोजतात तसे.

"मग किती हॉर्सपॉवर झाली?" फाटकाशी पेलनी विचारलं.
माहीत नाही.
"म्हणजे सकाळभर काय केलंत?"

ब्रॉनविन पुढे बघत होती, प्रवासात पहिल्यांदाच.
मी फाटक लावून आलो.
घरापर्यंत चाळीसच्या वेगाने गेलो,
एका बटाट्याच्या ट्रेलरमागे,
ओव्हरटेक न करता.