चौदा फूट

दार ओढून घे आधी, एसी चालू आहे.
आणि त्या भिंतीवरच्या रंगीत माळा बघू नकोस,
त्या माशांसाठी नाहीत टांगलेल्या.
या दुकानात आजवर जे जे गळाला लागलं
त्या सगळ्यांच्या खिशात पाकीट होतं.

मॉन्टगोमेरीहून आलास? बूट सांगतात.

रॉड हातात घे. असा नाही,
रील लाव आणि एका बोटावर तोल.
टोकाकडे कलला तर दुपारपर्यंत मनगट बोलायला लागेल.
आता टोक छताला टेकव, हळू दाब.
वरचा वीतभरच वाकला ना?
हा चपळ. तळाचा दगड आणि माशाचं तोंड
यांतला फरक दोऱ्यातून हातात आणून देतो.
हा दुसरा थेट मुठीपर्यंत वाकतो.
क्रँकबेटला असाच लागतो, मऊ;
माशानं तोंडात घेतलेलं
घाईघाईनं हिसकावून घेत नाही.
ड्वेन, माझा नवरा, पहिल्या वळणाचा.
पोरांना दुसऱ्या वळणाचा बाप मिळाला असता
तर एखादं राहिलं असतं इथे.
असो.

पाणी पाहिलंस पुलावरून?
कॉफीत दूध पडल्यासारखं झालंय चार दिवस.
गढुळात काळा-निळा.
निवळलं की हिरव्या भोपळ्याचा रंग.
असला रंग कुठल्या किड्याचा, ते विचारू नकोस,
आमच्या तळ्यात असं काही जगत नाही.
बास तरीही घेतो. भूक नसली तरी घेतो,
फाटकात परका दिसला की कुत्रं धावतं, तसा.

कुठे टाकणार गळ? नकाशावर बोट ठेव.
तिथे?

तिथे चौदा फूट पाणी आहे.
तिथे आमच्या व्हरांड्याच्या पायऱ्या आहेत.
तीन दगडी. चौथी लाकडाची होती,
ती गेली असेल तरंगत, धरणाच्या भिंतीपर्यंत.
मी सात वर्षांची होते.
कंपनीच्या माणसानं वडलांना चेक दिला,
आईनं तो पिठाच्या डब्यात ठेवला
आणि दोन महिने कुणालाच पोळ्या-बिस्किटं काही मिळालं नाही,
डबा उघडायचाच नव्हता तिला.
घर उकलून नेलं, फळी फळी.
पायऱ्या नाही नेता आल्या.
पाणी पुरासारखं नाही आलं रे,
रोज वीतभर. आम्ही टेकडीवर बसून बघायचो.
आधी भोपळ्याचे वेल गेले,
मग कोंबड्यांचं खुराडं,
मग एका सकाळी
आमचा रस्ता खाली उतरला तो उतरलाच.

म्हणून तिथे तीन काट्यांचं काही टाकू नकोस,
फटीत अडकेल.
हा जिग घे. अर्धा औंस, काळा-निळा, झिपरा.
जाऊ दे खाली.
दोरा ढिला पडला की तळ लागला समज.
लगेच ओढायचं नाही.
पायरी चढतोस तसा उचल.
एक.
थांब. गुडघे दुखणाऱ्या बाईसारखा थांब.
दोन.
तिसरीवर बहुतेक कुणीतरी असतं.
आमच्या घरीही तीच बसायची जागा होती,
मी तिथेच शेंगा सोलायचे.

मोठा लागला तर हात ओले करून धर,
फोटो काढ, परत सोड.
भाडं देत नाही, पण राहतो तर तोच.

आणि अडकलाच जिग,
तर फार झटापट करू नकोस, तोड दोरा.
माझे किती राहिलेत तिथे, हिशेब नाही.
दर मार्चमध्ये एक तरी.
ओढून बघते, घट्ट लागतं,
मग थोडा वेळ तसाच ताणून धरते दोरा.
ड्वेन वल्ही खाली ठेवून म्हणायचा,
अर्लीन, तुला मासा नकोच आहे.

चपळवाला रॉड, दोन जिग, दोरा:
एकशे सहा डॉलर.
सुट्टे असतील तर बघ.