प्रात्यक्षिक, खोली क्रमांक चार

सकाळपासून मी तीनदा मेले.
अजून एक तुकडी बाकी आहे.

पोटावर पट्ट्यांनी आवळलेलं रबरी गर्भाशय,
त्यामागे लपवलेली पिशवी,
पिशवीत दोन लिटर सोबोलो,
लाल अंबाडीच्या बोंडांचं पाणी.
माझी बहीण तमालेच्या बाजारात बाटल्या भरून विकते.
तिला वाटतं, या कॉलेजातल्या पोरींना तहान फार.

आलं घालू नकोस, एवढं तिला बजावते.
आल्याचा वास आला की मुली हसतात,
आणि खाली मी वाहत असते.

गेल्या वर्षी, हरमाटनच्या दिवसांत,
खिडकीच्या जाळीतून धूळ आत गाळली जात होती,
तेव्हा वुनपिनीची पाळी आली.
हातमोजा घाईत चढवलेला, करंगळी रिकामीच लोंबत होती.
बाळ नीट झेललं. वार पडली.
मग मी चिमटा सैल केला.

"पोट चोळ," मागून कुणी पुटपुटलं.
तिनं घड्याळाकडे पाहिलं, पिशवीकडे,
भिंतीवरच्या तक्त्याकडे.
तक्ता तिला तोंडपाठ,
आदल्या दिवशी धडाधड म्हणून दाखवलेला.
"सिस्टर, मला गार वाटतंय," मी म्हणाले.
ती तक्त्याशीच बोलत राहिली.
"सिस्टर..."
मग मी बोलणं बंद केलं.
लादीवरून मुंग्यांची रांग
माझ्याकडे निघाली होती.

मेल्यावर मी उठते, पोट सोडून बाकावर ठेवते.
सगळ्यांनी गोल बसायचं,
कुणी कुणाला बोल लावायचा नाही.
मी फक्त विचारलं, "माझं नाव काय होतं?"
पंखा फिरत होता. वीज गेली, तोही थांबला.

पुढच्या मार्चात ती येंडीहून आली,
रात्रपाळी संपवून, थेट.
बाई वाचली का, हे विचारायचं माझ्या जिभेवर होतं.
तिनं आधी नावच सांगितलं:
"मेमुनातू. तिसरी खेप."
मग बराच वेळ स्वतःचे तळवे बघत बसली.
"मॅडम, ते गरम असतं.
तुम्ही सांगितलं नव्हतं."

नव्हतंच सांगितलं.
एकोणीस वर्षं वॉर्डात काढली,
आणि हात विसरून गेले.

आता तासाआधी मी स्टोव्ह पेटवते.
सोबोलो तापलं की कोपर बुडवून बघते,
तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं.
मग पट्टे आवळते.

चौथी तुकडी दाराशी आली आहे.
आज माझं नाव मेमुनातू.