निरंक

साडेआठला पहिला फोन नवजाचा.
शेलार आधी खोकतो, मग आकडा सांगतो,
आणि मागे पत्र्यावर इतका पाऊस
की आकडा दोनदा विचारावा लागतो.
"दोनशे बारा, ताई. दोनशे. बारा.
मापाची काच दहा वेळा भरून ओतली, वर बारा.
जळवा बुटात शिरल्यात, लाइट मंगळवारपासून नाही."
मी लिहिते २१२.
जळवांना रकाना नाही.

मग महाबळेश्वर, पाटण, मेढा.
साताऱ्याचा तर खिडकीतूनच कळतो:
अजिंक्यतारा धुक्यात गेला की पंधरा,
पायथ्याची घरं गेली की चाळीस.
हे माझं मोजणं, नियमात बसत नाही.
तक्त्यावरून बोट खाली सरकतं
तसा पाऊस पायऱ्या उतरतो.
कोरेगाव अकरा. वडूज दोन.
दहिवडी शिंतोडे.
आणि सगळ्यात शेवटी कुकुडवाड,
जिथं फोनमध्ये नुसता वारा असतो
आणि वाऱ्यामागे विरकर.
"निरंक, ताई."

शून्य लिहायचं नाही,
साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
शून्य म्हणजे कुणी मोजलंच नाही, असंही वाटू शकतं.
निरंक म्हणजे माणूस गेला,
वरचं नरसाळं काढलं,
आत डोकावला,
आणि काही नव्हतं.

मी त्याच बाजूची.
आमच्याकडे ढग येतात, भरपूर येतात,
महिमानगडावरून पूर्वेला पळतात
फाट्यावर न थांबणाऱ्या एस्टीसारखे.
माझी आत्या त्यांना हात करायची.
खरंच करायची, डोक्यावर पाटी तशीच धरून,
आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून
पदर सारखा करायची.

भूगोलाला मुजावरबाई होत्या.
नकाशावर पट्टी ठेवून सांगायच्या,
उन्हाळ्यात तिकडे वर थरचं वाळवंट तापतं,
हवा हलकी होते, उठून जाते,
तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा धावतो.
म्हणजे बोलावतं वाळवंट
आणि भिजतं चिपळूण.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
मग बोलावणाऱ्याला काय मिळतं, बाई?
बाईंनी पट्टी उचलली.
नकाशावर तिची खूणसुद्धा राहिली नाही.

सोळा जुलैला विरकरचा फोन आधी आला.
"ताई, सहा पॉइंट चार."
मी पेनाचं टोपण दातांनीच काढलं.
"थांबा. लिहू नका.
नातीनं ओतलंय.
म्हणाली, आजोबा रोज रिकामं बघून येतात.
फुलपात्रभर ओतलं. टँकरचं, प्यायचं."
वारा.
"तिला काय बोललात?"
"काय बोलणार. मी मोजलं.
हातात काच आली की मोजलं जातं, ताई.
सहा पॉइंट चार भरलं."

त्या दिवशी नवजाला तीनशे चार.
धरणाचे दरवाजे उचलले,
कराडहून संगमाची पातळी तासातासाला,
तिन्ही फोन एकदम, चहा तसाच निवला.
मी कुकुडवाडपुढे शाईने निरंक लिहिलं.
समासात पेन्सिलीने, फार बारीक, ६.४.
का, ते साहेबांनी विचारलं असतं
तर सांगता आलं नसतं.

संध्याकाळी गोषवारा.
सगळ्या मंडलांची बेरीज, भागिले मंडलं,
जिल्ह्याची सरासरी ठळक टाइपात.
सरासरीत माझं माहेरही
घोट्याएवढं भिजलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी, साडेआठ.
शेलार, खोकला, पत्रा.
वडूज एक.
मग वारा, आणि वाऱ्यात
विरकरचा आवाज नाही, लहान कुणाचा तरी,
धापा टाकणारा:
"ताई, आज मी बघितलं.
पाणी नाही.
आत एक मुंगी आहे.
मुंगी लिहायची का?"